रुग्ण समाधानी आहेत म्हणजे नेमकं काय?

माझ्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न असा आहे: ‘एकंदरीत या रुग्णालयातल्या सेवेबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?’ पुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण समाधानी.

पायलटच्या दुसऱ्या दिवशी एका ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात एका मावशींना मी हा प्रश्न विचारला. साठीच्या पुढच्या, शुगरच्या गोळ्या न्यायला आलेल्या. सकाळी नऊला केस पेपर काढला होता, डॉक्टरांनी बघितलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. महिन्याच्या ऐवजी पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळाल्या, त्यातली एक बाहेरून घ्यायला सांगितली. स्ट्रिप संपल्या होत्या म्हणून शुगर मोजलीच नाही. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात नाही, आपलं सहज. मग म्हणाल्या, “पाच लिव्ह.”

मी म्हटलं, “मावशी, अडीच तास बसलात, शुगर पण नाही बघितली, तरी पाच?”

“अगं पोरी, सिस्टर एकटीच हाय. तिनं तरी कुठं कुठं बघावं?”

मी पाच लिहिला. (खरं तर मी असं उलट विचारायलाच नको होतं. मुलाखत घेणाऱ्याने उत्तरावर शेरा मारायचा नसतो, हे मेथडॉलॉजीच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात.) पण तो पाच माझ्या एक्सेलमध्ये जाऊन बसला आणि गेले दोन महिने तो मला छळतोय. आजची पोस्ट त्या पाचबद्दल आहे, आणि ज्या संशोधनाच्या परंपरेत मी स्वतः पीएचडी करतेय तिच्याबद्दलही. थोडी टीका आहे. गाईड हा ब्लॉग वाचतात, तेव्हा सर, आधीच सॉरी.

विषय नवीन असणाऱ्यांसाठी आधी पार्श्वभूमी. ‘आरोग्यसेवेची गुणवत्ता आणि रुग्णाचं समाधान’ या विषयावर इतके पेपर आहेत की लिटरेचर रिव्ह्यू करताना वाटतं, आपण एकच पेपर पुन्हापुन्हा वाचतोय. देश बदलतो, शहर बदलतं, सरकारीचं खासगी होतं. काहीशे रुग्णांकडून फॉर्म भरून घेतलेले असतात. गुणवत्तेच्या पाच मिती, त्यांच्यापासून ‘समाधान’ नावाच्या गोलाकडे जाणारे बाण, प्रत्येक बाणावर एक आकडा आणि दोन-तीन तारे. निष्कर्ष: गुणवत्तेचा समाधानावर सकारात्मक आणि लक्षणीय परिणाम होतो. शिफारस: कर्मचाऱ्यांना सौजन्याचं प्रशिक्षण द्यावं. मी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सची, त्यामुळे सुरुवातीला हे तारे बघून मला बरं वाटायचं. इतक्या ठिकाणी तेच उत्तर येतंय म्हणजे गोष्ट पक्की असणार! आता वाटतं, इतक्या ठिकाणी तेच उत्तर येतंय म्हणजे कदाचित प्रश्नातच उत्तर भरलेलं असेल.

या पाच मिती आल्या कुठून? पॅरासुरामन, झाइथाम्ल आणि बेरी हे मार्केटिंगचे तीन अभ्यासक. १९८५ मध्ये त्यांनी सेवेची गुणवत्ता म्हणजे ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांच्यातलं अंतर, अशी मांडणी केली. १९८८ मध्ये त्यावरून ‘सर्व्हक्वाल’ नावाची मोजपट्टी आली. ९७ विधानांपासून सुरुवात करून गाळत गाळत २२ उरली आणि ती पाच मितींत बसवली गेली. दिसणाऱ्या सुविधा, विश्वासार्हता, तत्परता, खात्री आणि आपुलकी. ज्या धंद्यांचा अभ्यास करून १९८५ ची मांडणी झाली ते असे: बँक, क्रेडिट कार्ड, शेअर दलाली आणि वस्तूंची दुरुस्ती. रुग्णालय त्यात नव्हतं. नंतर लोकांनी ही पट्टी उचलून दवाखान्यात आणली, १९९२ मध्ये बाबाकस आणि मँगोल्ड यांनी ती रुग्णालयांसाठी जुळवून घेतली, आणि मग जी रांग लागली ती अजून संपलेली नाही. त्या रांगेत मीही आहे.

फ्रिज दुरुस्त करणारा आणि डॉक्टर यांच्यात एक साधा फरक आहे. फ्रिज दुरुस्त झाला की नाही हे संध्याकाळपर्यंत कळतं, पाणी गार होतं किंवा होत नाही. मावशींना दिलेला गोळीचा डोस बरोबर आहे का, हे त्यांना आज कळणार नाही आणि कदाचित दहा वर्षांनी किडनीने सांगितलं तरच कळेल. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेवर मूलभूत काम करणारे अ‍ॅव्हेडिस डोनाबेडियन हे वेगळं करून सांगत आले होते. १९६६ च्या लेखात त्यांनी रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी त्रिसूत्री मांडली, आणि १९८८ मध्ये डॉक्टरच्या कामाचे दोन भाग केले, एक तांत्रिक आणि दुसरा माणसामाणसांतला. रुग्ण दुसऱ्या भागाचा उत्तम साक्षीदार असतो. पहिल्याचा बहुतेक वेळा नसतो. सर्व्हक्वालच्या दवाखान्यातल्या आवृत्त्यांमध्ये पहिला भाग ‘डॉक्टर सक्षम आहेत असं तुम्हाला वाटतं का’ अशा प्रश्नातून येतो, म्हणजे तोही शेवटी वाटण्यावरच जातो.

आता त्या बाणांकडे येऊ. पहिली अडचण माझ्या मूळ विषयातली आहे. गुणवत्तेचे २२ प्रश्न आणि समाधानाचे दोन-तीन प्रश्न एकाच माणसाला, एकाच फॉर्मवर, एकाच दहा मिनिटांत, एकाच एक-ते-पाचच्या पट्टीवर विचारले जातात. तो माणूस त्या दिवशी खुश असेल तर दोन्हीकडे चार-पाच देईल, वैतागलेला असेल तर दोन्हीकडे दोन. ज्यांना सगळीकडे ‘हो’ म्हणायची सवय आहे ते सगळीकडे हो म्हणतील. म्हणजे दोन गोष्टींमध्ये खरा संबंध शून्य असला तरी आकड्यांत संबंध दिसणारच. याला आमच्याकडे कॉमन मेथड बायस म्हणतात. पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांचा २००३ चा यावरचा पेपर जवळपास प्रत्येक प्रबंधात संदर्भ म्हणून असतो. संदर्भ देतात, एक टेस्ट चालवतात, ‘बायस आढळला नाही’ असं लिहितात आणि पुढे जातात. एकाच थर्मामीटरने दोनदा ताप मोजायचा आणि दोन्ही आकडे जुळले म्हणून आनंद मानायचा, असा हा प्रकार आहे.

दुसरी अडचण वजाबाकीची. गुणवत्ता म्हणजे अनुभव वजा अपेक्षा. समजा एका बाईंची अपेक्षा पाच आणि अनुभव चार, उत्तर उणे एक. दुसऱ्या बाईंची अपेक्षा दोन आणि अनुभव तीन, उत्तर अधिक एक. आता सांगा, चांगला दवाखाना कुठला? पट्टी म्हणते दुसरा. ज्याच्याकडून कुणाला काही अपेक्षाच नाही तो दवाखाना कमी कष्टात पहिला येतो. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्ये म्हटलं, अपेक्षा विचारूच नका, फक्त अनुभव विचारा. त्याने फॉर्म निम्मा झाला, पण अपेक्षा फॉर्मवरून गेली तरी डोक्यातून कशी जाणार? मावशींच्या पाचमध्ये ती होतीच.

हे नुसतं माझं म्हणणं नाहीये. २०१९ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये सनम रोडर-दवान आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. भारतासह १२ देशांतल्या जवळपास १८ हजार इंटरनेट वापरणाऱ्या लोकांना त्यांनी काल्पनिक रुग्णांचे प्रसंग वाचायला दिले. त्यातल्या काही प्रसंगांतली सेवा मुद्दाम निकृष्ट रंगवलेली होती. ५३ टक्के लोकांनी त्या निकृष्ट सेवेला ‘चांगली’ किंवा त्याहून वरचा दर्जा दिला. हे इंटरनेट वापरणारे होते, म्हणजे एरवीपेक्षा जास्त शिकलेले. व्हरांड्यात बसलेल्या मावशींकडून आपण काय अपेक्षा करायची?

बांगलादेशातल्या सरकारी आरोग्यसेवेचा एक अभ्यास २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘बुलेटिन’मध्ये आला होता, अल्डाना आणि सहकाऱ्यांचा. मला तो फार आवडतो कारण त्यात घड्याळ आहे. डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाला सरासरी २ मिनिटं २२ सेकंद दिली होती. रुग्णांना सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते डॉक्टरचं आदराचं, सभ्य वागणं. आणि तपासणीची वेळ वाढण्यापेक्षा रांगेतला वेळ कमी होणं त्यांना जास्त महत्त्वाचं होतं. सव्वादोन मिनिटांत छातीला स्टेथोस्कोप तरी नीट लागतो का? पण ज्याची रोजंदारी बुडतेय त्याच्यासाठी रांग हाच मोठा खर्च आहे. त्याचं उत्तर त्याच्या जागी बरोबरच आहे. त्याच्या उत्तरावरून ‘तपासणीची वेळ पुरेशी आहे’ असा निष्कर्ष काढणारा संशोधक मात्र चुकतो.

पण मावशींचा पाच कळायला मला सगळ्यात जास्त मदत केली ती ब्रायन विल्यम्स यांनी. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा १९९८ चा ब्रिटनमधला अभ्यास आहे, मानसिक आरोग्यसेवा घेणाऱ्या लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला. त्यांना दिसलं की अनुभव वाईट असला तरी लोक फॉर्मवर समाधानी म्हणतात, कारण मधे दोन प्रश्न ते मनातल्या मनात सोडवतात. हे करणं त्यांचं कर्तव्य होतं का? आणि कर्तव्य असेल तर न करण्यात त्यांचा दोष होता का? दोष नाही असं ठरलं की वाईट अनुभव गुणांमधून वजा होत नाही, माफ होतो. वाचताना मी हसलेच. ‘सिस्टर एकटीच हाय, तिनं तरी कुठं कुठं बघावं’, हाच तो अख्खा सिद्धांत, एका वाक्यात. मावशींनी दवाखान्याला गुण दिलेच नव्हते. त्यांनी सिस्टरला निर्दोष सोडलं होतं. आणि मी तो निकाल ‘सेवेची गुणवत्ता’ या कॉलममध्ये टाकला.

मराठीत या सगळ्यावर आणखी एक थर चढतो, आणि त्यावर कुणी फारसं लिहिलेलं मला सापडलं नाही. इंग्रजी फॉर्मचं भाषांतर करताना आपण बेधडक ‘समाधानी’ लिहितो. पण आपल्याकडे समाधानी असणं हा माणसाचा गुण आहे. ‘फार समाधानी बाई आहे हो’ हे कौतुक असतं. समाधान मिळतं तसं ते मानून घ्यायचंही असतं. साठ वर्षं अंथरूण पाहून पाय पसरलेल्या बाईला ‘तुम्ही समाधानी आहात का’ असं विचारलं तर ती दवाखान्याबद्दल बोलेल की स्वतःच्या स्वभावाबद्दल? भाषांतर करून परत इंग्रजीत उलटं भाषांतर करायचं, अशी आमची तपासणीची पद्धत असते. त्यात हा शब्द अगदी स्वच्छ पास झाला.

शिवाय प्रश्न कसा विचारला यावरही उत्तर हलतं. नायजेरियातल्या दवाखान्यांमध्ये डन्श, इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना ‘दवाखाना स्वच्छ आहे’ अशा धाटणीची विधानं दिली, काहींना त्याच विधानांची उलटी बाजू, आणि सहमत आहात का असं विचारलं. तेच दवाखाने, तशाच प्रकारचे रुग्ण. तरी समाधानात १९ टक्के बिंदूंपर्यंत फरक पडला. माझ्या प्रश्नावलीतली सगळी विधानं सुलटी आहेत. त्यात मी मुलाखती दवाखान्याच्याच व्हरांड्यात घेत होते, गळ्यात ओळखपत्र अडकवून. पुढच्या महिन्यात त्याच खिडकीवर गोळ्या मागायला यायचंय हे समोरच्याला ठाऊक असताना तो मला काय सांगणार?

आता दुसरी बाजू, कारण इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की रुग्णांना काही विचारूच नये. तसं अजिबात नाही. डॉयल आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ५५ अभ्यास एकत्र तपासले. रुग्णांचा अनुभव चांगला असतो तिथे उपचारांची सुरक्षितता आणि परिणामकारकताही बऱ्याचदा चांगली असते, असं त्यांना दिसलं. समजावून सांगितलं तर माणूस गोळ्या नीट घेतो, यात आश्चर्य काय? उलट बाजूने २०१२ चा फेंटन यांचा अमेरिकेतला पेपर आहे, ५० हजारांहून जास्त लोकांचा. त्यात सगळ्यात समाधानी रुग्णांचा औषधांवरचा आणि एकूण खर्च जास्त निघाला, आणि त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, समाधानाने माणसं मरतात असा त्याचा अर्थ कुणी घेऊ नये (व्हॉट्सअ‍ॅपवर तसा फिरलेला मी पाहिलाय). तरी मागेल ते औषध लिहून देणारा डॉक्टर लोकांना आवडतो, ही शक्यता आपल्याला नवीन नाही. ‘सलाईन लावली की तरतरी येते’ हे कुठल्याही गावात ऐका.

जिष्णू दास आणि सहकाऱ्यांनी तर रुग्णाला विचारायचं सोडून रुग्णच बनवला. मध्य प्रदेशातल्या खेड्यांत आणि दिल्लीत त्यांनी प्रशिक्षण दिलेली माणसं रुग्ण म्हणून पाठवली. एकाला हृदयाकडून येणारं छातीत दुखणं, एकाला दमा, एक जण घरी असलेल्या मुलाच्या आवेची लक्षणं सांगणारा. काय व्हायला हवं होतं हे आधीच ठरलेलं होतं, त्यामुळे काय झालं ते मोजता आलं. २०१२ मध्ये आलेल्या त्या निकालात बरोबर निदान क्वचितच सापडलं आणि चुकीची औषधं भरपूर. त्याच दवाखान्यांबाहेर मी माझे २२ प्रश्न घेऊन उभी राहिले असते तर किती चार आणि पाच मिळाले असते, याचा विचार मी रात्री करू नये असं ठरवलंय.

हे फक्त प्रबंधापुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. आपल्या आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये ‘मेरा अस्पताल’ सुरू केलं, त्यात एसएमएस, फोन, अ‍ॅप आणि वेबसाइटवरून रुग्णांचा अभिप्राय घेतात. कल्पना चांगली आहे. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे असमाधानी माणसाला कारणही विचारलं जातं. पण मावशींसारखा रुग्ण तिथे पोहोचायच्या आधीच ‘समाधानी’च्या दारातून बाहेर पडतो. अमेरिकेत हेच आकडे थेट पैशाला बांधले गेले. रुग्णालयांना मिळणाऱ्या रकमेचा काही भाग रुग्णांच्या सर्वेक्षणावर ठरू लागला, आणि त्यात ‘तुमच्या वेदना किती वेळा नीट आटोक्यात आणल्या’ हाही प्रश्न होता. तिकडे अफूवर्गीय वेदनाशामकांचं संकट वाढत असताना डॉक्टरांनी ओरड केली की हा प्रश्नच आम्हाला गोळ्या लिहायला लावतोय. तसा ठोस पुरावा नव्हता, पण शेवटी वेदनेचे प्रश्न पैशांच्या हिशेबातून काढून टाकावे लागले. आकडा नुसता मोजायचा असतो तेव्हा त्याचं दुखणं वेगळं असतं, आणि त्यावर कुणाचं बजेट ठरतं तेव्हा वेगळं.

मग मी काय करतेय? समाधानाचा प्रश्न काढलेला नाही, पण तो शेवटून दुसरा केलाय आणि त्याच्यापुढे ‘पाच का?’ (किंवा जो आकडा असेल तो) असा मोकळा प्रश्न ठेवलाय. त्याच्या आधी घडलेल्या गोष्टींचे प्रश्न आहेत. आज बीपी मोजलं का? शुगर मोजली का? गोळी कशासाठी आहे ते कुणी सांगितलं का? कुठलं औषध बाहेरून घ्यावं लागलं, किती रुपयांचं? उत्तर हो, नाही किंवा आठवत नाही. मुलाखती आता दवाखान्यात नाही, एसटी स्टँडवर किंवा घरी जाऊन. जिथे परवानगी मिळेल तिथे केस पेपरवरची नोंद ताडून बघायची, कारण डोस बरोबर होता का हे मावशी सांगू शकणार नाहीत आणि त्यांनी सांगावं अशी अपेक्षाही नाही.

गाईडचा आक्षेप असा: हो-नाहीच्या प्रश्नांना तयार मोजपट्टी नाही, सर्व्हक्वाल मान्यताप्राप्त आहे, परीक्षक पहिला प्रश्न क्रोनबॅक अल्फाचा विचारतील. ते चुकीचं बोलत नाहीयेत. भारतातल्या सरकारी दवाखान्यांसाठी राव, पीटर्स आणि बॅंडीन-रोश यांनी २००६ मध्ये उत्तर प्रदेशात तयार केलेली पट्टी आहे, तिच्यात औषधांची उपलब्धता ही स्वतंत्र मिती आहे. बांगलादेशात अंदालीब यांनी २००१ मध्ये चक्क ‘बक्षीस’ ही मिती घातली, म्हणजे वॉर्डबॉयच्या हातावर टेकवावे लागतात ते पैसे! बँकेच्या पट्टीत असलं काही सापडलं नसतं. या दोन्हींचा आधार घेऊन मी समितीला पटवायचा प्रयत्न करणार आहे. पटलं नाही तर जुन्या पट्टीवरच प्रबंध होईल, बाणांवर तारे येतील, आणि हे सगळं ‘मर्यादा’ नावाच्या दीड पानात जाईल.

त्या दिवशी फॉर्म संपल्यावर पिशवी उचलत असताना मी मावशींना सहज विचारलं होतं, की पुढच्या वेळेला इथं काय बदललेलं आवडेल. त्या थांबल्या, विचार केला आणि म्हणाल्या, “त्या शुगर बघायच्या पट्ट्या आणून ठेवा म्हणावं. आन् सिस्टरला कुणीतरी जोडीला द्या.” ते मी फॉर्मच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवलंय. नव्या प्रश्नावलीत हा शेवटचा प्रश्न आहे.

समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. काय झालं ते इथे लिहीनच. तुमच्यापैकी कुणी दवाखान्यात असा फॉर्म भरला असेल तर काय भरलं आणि का, ते नक्की कळवा. आकड्यापेक्षा ‘का’ लिहिलंत तर जास्त उपयोग होईल.